ऐकताना लागलेली धाप

एका हौशी नाट्यसंस्थेच्या दोन अंकी नाटकासाठी मी बासरीचा एक तुकडा केला होता. दुसऱ्या अंकात एका प्रवेशाआधी रंगमंचावर अंधार असताना वाजायचा, देस रागाच्या आसपास रेंगाळणारा, शेवटी कोमल निषादावर येऊन लोंबकळत ठेवलेला. असे तुकडे दिग्दर्शकाकडे जाण्याआधी खालच्या मजल्यावरच्या काकांच्या कानांवरून जातात. काका बँकेतून निवृत्त झालेले. बासरी मात्र नोकरीच्या आधीपासूनची, आणि अजून रोज पहाटे चालू असते. डोंबिवलीच्या आमच्या जिन्यात दूधवाल्याच्या पावलांबरोबर काकांचा खर्जही वर चढतो. त्यांनी हेडफोन लावले, डोळे मिटले, उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर भोकं चाचपू लागली. संपल्यावर हेडफोन काढून त्यांनी एक लांब श्वास सोडला. मला वाटलं, आवडलं.

"सूर छान लागलाय गं," ते म्हणाले. "पण मला धाप लागली."

मी हसले. ते हसले नाहीत. "थट्टा नाही करत. बासरी ऐकताना मी वाजवणाऱ्याबरोबर श्वास घेतो, सवयच आहे ती. तू कुठे सोडतेस म्हणून वाट बघत बसलो, आणि तू सोडलाच नाहीस."

त्या तुकड्यातली बासरी खोटी होती हे खरं, पण फुंकर खोटी नव्हती. माउसने स्क्रीनवर रेघोट्या ओढून आवाज लहानमोठा करतात, तसलं काम नव्हतं ते. माझ्याकडे एक ब्रेथ कंट्रोलर आहे. कानांमागून अडकवायची तारेची चौकट, तिला गालाजवळ एक छोटी डबी आणि डबीतून निघून ओठांपर्यंत येणारी नळी. नळीत फुंकलं की आतला सेन्सर हवेचा दाब मोजतो आणि त्याचा आकडा करून लॅपटॉपला पाठवत राहतो. उजवा हात कीबोर्डवर, डावा सूर वरखाली सरकवणाऱ्या पिच बेंडच्या चाकावर, तोंडात नळी आणि हनुवटीवरून ओघळणारी लाळ पुसायला मांडीवर रुमाल. हे ध्यान दिसलं की आई मुकाट्याने दार लोटून घेते. पण त्यातून येणारा आवाज माझ्या छातीतून आलेला असतो, एवढं तरी मी धरून चालले होते. तो तुकडा मी असाच, एका बैठकीत फुंकून वाजवला होता. मग ऐकणाऱ्याला धाप लागावी आणि वाजवणारीला लागू नये, हे कसं?

हे कोडं डोक्यातून जाईना.

सॉफ्टवेअरमधली बासरी दोन प्रकारची असते. एक, कुणा वादकाला स्टुडिओत बसवून त्याचा प्रत्येक स्वर मंद, मध्यम, जोरकस असा वेगवेगळा रेकॉर्ड करून ठेवलेली. तिच्यात फुंकर वाढवत नेली की मंद रेकॉर्डिंग मागे सरतं आणि मध्यम पुढे येतं. त्या सांध्यावर क्षणभर दोन बासरीवाले एकदम वाजवताना ऐकू येतात, आणि एकदा ते कानाला कळलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही. दुसरा प्रकार मॉडेलिंगचा. त्यात रेकॉर्डिंग नावाची गोष्टच नाही. पोकळ नळीत हवेची लाट टोकापर्यंत जाते, आपटून परत येते, पुन्हा जाते, हे सगळं गणिताने क्षणाक्षणाला मांडलं जातं. स्टॅनफर्डला ज्युलियस स्मिथ यांनी हे गणित संगणकाला झेपेल असं बसवलं, आणि १९९४ साली यामाहाने ते व्हीएल-१ नावाच्या कीबोर्डमध्ये घातलं. तेव्हाच्या त्या महागड्या यंत्रातून एका वेळी फक्त दोन स्वर निघत. आज माझा हप्त्यावर घेतलेला लॅपटॉप तेच गणित करतो आणि वर पंखा घरघरवत बसतो. मला या प्रकाराचं अप्रूप यासाठी की इथे फुंकर हा कच्चा माल आहे. पट्टी दाबून ठेवली आणि फुंकलं नाही, तर काहीही वाजत नाही. नवीन माणसाला वाटतं, सॉफ्टवेअर बिघडलं.

फुंकर लॅपटॉपपर्यंत जाते ती मिडीच्या, म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांशी ज्या आकड्यांच्या भाषेत बोलतात तिच्या वाटेने, आणि मिडी १९८३ साली जन्माला आला तो कीबोर्डवाल्यांच्या घरात. तो घडवून आणणारे सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचे डेव्ह स्मिथ काय किंवा रोलँडचे इकुतारो काकेहाशी काय, दोघांच्याही समोर पट्ट्या होत्या. त्यामुळे त्याचं व्याकरणच पट्टीचं आहे: कुठली दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. पियानोला एवढं पुरतं. हातोडी तारेवर पडली की पुढचं सगळं त्या एका आघातात ठरून गेलेलं असतं. सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यात स्वर लागला म्हणजे नुसती सुरुवात झाली. तो फुलणार की विरणार, कापणार की सरळ उभा राहणार, हे अजून व्हायचं असतं. तरी त्या लोकांना फुंकरीची आठवण होती हे मान्य केलं पाहिजे. स्वर चालू असताना होणाऱ्या बदलांसाठी मिडीत क्रमांक ठरलेले आहेत, आणि त्यात मॉड्युलेशनच्या चाकाचा नंबर १ तर लगेच फुंकरीचा नंबर २. त्याच वर्षी आलेल्या यामाहाच्या डीएक्स-७ला ब्रेथ कंट्रोलर लावायची सोय होती. ऑर्केस्ट्रावाल्या मंडळींकडे ते कीबोर्ड मी पाहिलेत; त्या भोकात काही लावलेलं मात्र कधी पाहिलं नाही. अमेरिकेत नाइल स्टायनर या ट्रम्पेटवाल्याने तर १९७० च्या दशकातच फुंकून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य बनवलं होतं. त्याच्याच कामातून पुढे १९८७ मध्ये आकाईचं ईडब्ल्यूआय आलं, आणि मायकेल ब्रेकरसारख्या सॅक्सोफोनवाल्याने ते जाझच्या मंचावर नेलं. त्या वाद्यात बोट नुसतं टेकवलं की पुरतं, आणि सप्तक बदलायला डाव्या अंगठ्याखाली गोल फिरणारे रोलर असतात.

अंगठ्याने सप्तक! काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आपला अंगठा उलटासुलटा करून पाहिला. बासरीवर मध्य सप्तकातून तारात जायला बोटं हलत नाहीत. ओठ आवळतात, हवेची धार बारीक आणि वेगवान होते, आणि सूर उडी मारतो. तीच धार आवाज मोठा करते, तोच जोर आवाजाला उजळ करतो, आणि त्याच जोराने सूर किंचित चढतोही. एका फुंकरीत या चार गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. एकीला हात लावला की उरलेल्या तिघी हलतात, आणि बासरीवाल्याची निम्मी जिंदगी त्यांना आवरण्यात जाते. मिडीने या चौघींना सुटं केलं. आवाजाला एक तार, उजळपणाला दुसरी, सुराला तिसरी, सप्तक तर कीबोर्डवर नुसतं उजवीकडे सरकलं की झालं. कंट्रोलर सेट करणं, कर्व्ह जमवणं, कुठला नंबर कुठे जोडायचा हे ठरवणं म्हणजे या सुट्या केलेल्या गोष्टी आपल्या हाताने पुन्हा बांधत बसणं. पुन्हा बांधताना मात्र काय बांधायचं आणि काय सुटंच ठेवायचं, हे आपल्याला ठरवता येतं. वैताग त्यातलाच, आणि मजाही.

आजोबांची पेटी मला याच कामात हटकून आठवते. त्यांच्याकडे बसायचं तर पहिला धडा पट्ट्यांचा नव्हता, भात्याचा होता. एकच काळी चार धरायची आणि डाव्या हाताने भाता असा मारायचा की आवाज कुठे फुगता कामा नये, कुठे खाली बसता कामा नये. हे जमेपर्यंत ते वर्तमानपत्र वाचत बसत आणि आवाज हलला की न बघता नुसतं "हं" करत. पेटीला मींड नाही म्हणून शास्त्रीयवाल्यांनी तिला काय कमी नावं ठेवली नाहीत. १९४० साली आकाशवाणीने तिला दार बंद केलं ते थेट १९७१ पर्यंत. तक्रार खोटी नव्हती. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत पेटीला जाता येत नाही, आणि आमचं अर्धं गाणं त्या मधल्या जागेत राहतं. पण भात्याकडे त्या भांडणात कुणाचं लक्षच गेलं नाही असं मला वाटतं. उजव्या हाताला स्वर आणि डाव्या हाताला श्वास अशी वाटणी पेटीवाल्यांनी मिडीच्या कितीतरी आधी करून ठेवली होती. भजनात शेवटच्या "विठ्ठला"ला आजोबा भाता मिटवून घेत, आणि उरल्यासुरल्या हवेवर तो स्वर जसा खाली टेके, तसा मला अजून लॅपटॉपमधल्या कुठल्याही प्लग-इन वाद्यातून टेकवता आलेला नाही.

सेटिंगला बसलं की पहिला तास नंबर जुळवण्यात जातो. डबी २ नंबरवर बोलते, सिंथ, म्हणजे लॅपटॉपमधली बासरी, ११ नंबरवर कान लावून बसलेला असतो. ११ म्हणजे एक्स्प्रेशन. मग सिंथमधल्या त्या बटणावर उजवी टिचकी मारायची, "लर्न" म्हणायचं आणि फुंकायचं. तेवढ्यात कोपर मॉड्युलेशनच्या चाकाला लागलं की तो चाकच शिकून बसतो. त्याहून छळणारा प्रकार म्हणजे दुहेरी जोडणी. सिंथ ११ नंबर ऐकून आवाज कमी करतो, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं रेकॉर्ड होतंय तेही ११ ऐकून त्याच ट्रॅकचा आवाज पुन्हा कमी करतं. जोरात फुंकलं तर सगळं ठीक वाटतं; हळू फुंकायला जावं तर आवाज ओठांपाशीच मरतो, आणि माणूस बिचारा कर्व्हला दोष देत बसतो. कर्व्ह ही नंतरची गोष्ट. स्क्रीनवर एक चौकोन असतो, आडव्या रेषेवर माझी फुंकर, उभ्या रेषेवर सिंथला जाणारा आकडा. कोपऱ्यातून कोपऱ्यात सरळ रेघ हीच प्रामाणिक वाटते, पण कानाला ती प्रामाणिक लागत नाही. खऱ्या बासरीत फुंकरीचा दाब चौपट करावा तेव्हा कुठे हवेची धार दुप्पट वेगाने जाते, म्हणजे ओठांपाशीच एक वळण आधीपासून असतं. सरळ रेघेवर माझा निम्मा श्वास ऐकूच येत नाही आणि शेवटच्या चिमूटभरात सगळा आरडाओरडा होतो. म्हणून खालचं टोक जरा उचलायचं, वरचं पसरट करायचं. अगदी तळाशी थोडी मोकळी जागा सोडायची, नाहीतर नळी नुसती ओठांत धरली तरी बासरी कण्हत राहते. हा कर्व्ह एकदा बसला म्हणजे बसला असं नाही. सकाळी बसवलेला दुपारी जेवणानंतर जड वाटतो. सर्दी झालेल्या दिवसांत तर मी दुसराच कर्व्ह वापरते.

पट्टी किती जोरात दाबली, तो व्हेलॉसिटीचा आकडा मॉडेलिंगवाल्यांनी फार हुशारीने वापरलाय. श्वासाने वाजणाऱ्या बासरीत आवाजासाठी त्याची गरज नाही, म्हणून पहिली पट्टी धरून ठेवून दुसरी दाबली की दुसरीची व्हेलॉसिटी मींड ठरवते. जोरात दाबली तर सूर झटक्यात जातो, अलगद दाबली तर रेंगाळत सरकतो. आधी वर्षानुवर्षं मी हळू दाबणं म्हणजे हळू वाजणं असं समजत आले. आता हळू दाबणं म्हणजे लांबची वाट. रिषभावरून पंचमाला जाताना करंगळी अशी ठेवायची की जणू ठेवलीच नाही. बासरीवाला हेच काम भोकावरून बोट हळूहळू सोलून काढत करतो, कारण बांबूवर चाव्या नाहीत, उघडी भोकं आहेत आणि बोटाचं मांस आहे. तेवढी सूक्ष्मता माझ्या करंगळीत नाही, पण निदान ती आता काहीतरी शोधत तरी असते. एका मित्राकडून रबरी पृष्ठभागाचा, बोट घसरवून वाजवायचा कीबोर्ड मी काही दिवस मागून आणला होता. त्याची पिच बेंडची झेप वरखाली ४८ अर्धस्वरांची, माझ्या सिंथची नेहमीची २ ची. दोघांचा मेळ बसण्याआधी मी मोठ्या हौसेने मींड घेतली, आणि सूर जागचा हलल्यासारखाही वाटला नाही. चोवीस पटींचा फरक. आकडे सारखे केल्यावर मात्र त्याच्यावर अशी गांधाराची आंदोलनं निघाली की परत देताना जिवावर आलं.

धापेचं कोडं यातल्या कशानेच सुटत नव्हतं. सुटलं ते एका लग्नात, मांडवाच्या दारात.

सनई-चौघडा हल्ली बहुतेक ठिकाणी पेनड्राइव्हवर असतो. इथे खरा होता. मुख्य सनईवाला भूप वाजवत होता आणि त्याच्या शेजारी दुसरा एक म्हातारा नुसता षड्ज धरून बसला होता. लहानपणी मी या सूर धरणाऱ्यांकडे टक लावून बघत बसायचे, की हा श्वास घेतो तरी कधी? गाल फुगलेले, डोळे अर्धे मिटलेले, आणि सूर कुठेही तुटत नाही. युक्ती पुढे कळली: गालात हवा साठवायची, ती गालांनी दाबत सोडायची आणि तेवढ्यात नाकाने नवी घ्यायची. सनईची पत्ती दाब मागते, पण हवा फार थोडी पिते, म्हणून हे साधतं. बासरीचं उलट; ती दाब थोडा मागते आणि हवा ओतून नेते, निम्मी तर भोकाच्या बाहेरच जाते. त्या म्हाताऱ्याचे गाल बघता बघता माझा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला. माझ्या नळीच्या टोकाशी हवा बाहेर पडायला एक बारीक वाट आहे आणि तिला स्क्रू आहे. तो मी पहिल्या दिवसापासून पूर्ण पिळून ठेवला होता, कारण वाट बंद असली की दाब कसा छान स्थिर राहतो. नळी बंद, हवा कुठेच जात नाही, मी फक्त तोंडात दाब धरून ठेवते आणि नाकाने खुशाल श्वास घेते. म्हाताऱ्याला जे साधायला उमर गेली असेल ते मला एका स्क्रूने फुकट मिळालं होतं. आवाज बासरीचा आणि श्वास सनईचा! काकांच्या छातीला ते कळलं, माझ्या कानांना कळलं नव्हतं.

घरी येऊन स्क्रू सैल केला. पहिल्याच ओळीत दम संपला. नळीतून हवा भसाभसा जाऊ लागली, कर्व्ह सगळा वर ढकलावा लागला, आणि कोमल निषादापर्यंत पोहोचेपर्यंत माझ्याकडे श्वासाचं खातंच रिकामं. तुकडा तोच, स्वर तेच, पण आता त्यात कुठे थांबायचं हे मी ठरवत नव्हते. छाती ठरवत होती, आणि मला फक्त ते देसमध्ये शोभेल अशा जागी नेऊन बसवायचं होतं. मग चालच बदलली. जिथे दोन ओळी एका दमात जात होत्या तिथे मधे रिषभावर टेकावं लागलं. टेकल्यावर पुढची ओळ नव्याने उचलावी लागली. उचलायची म्हणून तिची सुरुवात जरा दबकी झाली. यातलं काहीही मी संगीत म्हणून योजलं नव्हतं. दोनदा ऐकल्यावर मात्र ते योजल्यासारखं वाटू लागलं, आणि हे श्रेय माझं की स्क्रूचं हा प्रश्न मी बाजूला ठेवला.

एकदा ही चटक लागली की माणूस थांबत नाही. सॉफ्टवेअरची बासरी कितीही हळू वा जोरात फुंका, सुरात असते. आणि सुरात असते म्हणूनच कुठेतरी निर्जीव वाटते. खऱ्या बासरीवर हळू फुंकलं की सूर उतरतो, जोर दिला की चढतो, आणि वादक ओठांचा कोन बदलून तो सावरत असतो. ऐकणाऱ्याला चुकलेलं काही ऐकू येत नाही, पण सावरणं ऐकू येतं. म्हणून मी फुंकरीची एक तार पिच बेंडलाही जोडली. पिच बेंडचा मधला आकडा ८१९२. वरखाली दोन अर्धस्वरांची झेप असेल तर अगदी मंद फुंकरीला वीस सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरवायला तिथून ८१९ पायऱ्या खाली यायचं, आणि भरल्या फुंकरीला त्याहून थोडं कमी वर जायचं. पैसे खर्चून विकत घेतलेली अचूक बासरी पद्धतशीर बेसूर केली, आणि मग ती सावरायची सोय शोधली. माझ्या डबीत डोकं कलल्याचं मोजणारा सेन्सर आहे. मान किंचित खाली घातली की सूर खाली, वर केली की वर. डावा हात त्यामुळे मोकळा झाला. तोटा एवढाच की रात्री हेडफोन लावून मी एकटीच लॅपटॉपसमोर मान डोलावत बसलेली असते. आईने एकदा दारातून विचारलं, "अगं, कोणाला एवढं हो हो म्हणतेयस?"

काकांना बोलावून नळी त्यांच्या हातात दिली. त्यांच्या बासऱ्या पन्नालाल घोषांनी मैफिलीत रुळवलेल्या घाटाच्या, लांबलचक. बोटं ताणून ताणून त्यांच्या उजव्या करंगळीला बाक आलाय. त्यांनी आधी नळी ओठांपासून किंचित दूर धरून आडवी फुंकर मारली. अर्थातच काही वाजलं नाही. "आत फुंकायचं काका, तोंडात धरून," मी म्हणाले. त्यांनी धरली, फुंकली, आणि आकडा थेट १२७ वर, म्हणजे अगदी वरच्या टोकाला जाऊन आदळला. पुन्हा फुंकली, पुन्हा १२७. "ही फुंकर नव्हे गं, फुगा फुगवणं झालं हे," ते म्हणाले, पण नळी सोडली नाही. मी त्यांच्यासाठी वेगळा कर्व्ह काढला, वरचा भाग खूप लांबवून. तोंडातून नळी न काढता ते "अजून, अजून" अशी बोटाने खूण करत राहिले. शेवटी एक जागा अशी सापडली की एका मंद्र पंचमावर त्यांना हवा तसा श्वास सोडता येऊ लागला आणि धरताही. तिथे ते बराच वेळ खेळले. पट्ट्या मी दाबत होते, फुंकर त्यांची होती. माझी करंगळी अलगद पडली की ते त्या मींडीबरोबर आपसूक श्वास पातळ करायचे, मी काही न सांगता. आम्हा दोघांत मिळून एक बरा बासरीवाला होता. ओठांचं काय, हे मात्र त्यांनी दोनतीनदा विचारलं. कोन नाही, धार नाही, ओठांना इथे कामच नाही. मान हलवून सूर सावरणं त्यांना पोरकट वाटलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओठांचा सेन्सर मला माहीत नाही, आणि असला तरी तो लावायला आता चेहऱ्यावर जागा उरलेली नाही.

नवा तुकडा दिग्दर्शकाला पाठवला. दुसऱ्या दिवशी तालमीतून त्याचा फोन. मागे कुणीतरी खुर्च्या ओढत होतं.

"ताई, ऐकला. मस्तय. पण आधीचाच द्या ना."

"का रे?"

"नव्यात मधेमधे गॅप पडतोय. लाइटवाल्याला वाटतं तुकडा संपला, तो रिषभावरच लाइट आणतो. आणि अंधारात आमची रेखा सतरंजी उचलत असते, ती तशीच दिसते सगळ्यांना."

श्वासाबद्दल, काकांबद्दल, सनईवाल्याबद्दल मी त्याला काय सांगणार होते? त्याची अडचण खरी होती. अंधारातल्या संगीताचं पहिलं काम अंधार झाकून ठेवणं, आणि माझी आधीची न थांबणारी बासरी ते काम चोख करत होती. लाइटवाल्याला स्वर मोजायला लाव असं मी सुचवून पाहिलं. लाइटवाला दिग्दर्शकाचा मेहुणा निघाला. मग रात्री पुन्हा तारेची चौकट कानांमागे अडकवली, स्क्रू निम्मा पिळला, कर्व्ह थोडा खाली घेतला. रिषभावरचा श्वास इतका छोटा केला की बासरीवाल्याला कळावा आणि मेहुण्याला कळू नये. शेवटच्या कोमल निषादाखाली तानपुरा जरा वर आणून ठेवला, म्हणजे कुठे पोकळी वाटलीच तर तो धरेल. ही तिसरी आवृत्ती सकाळी गेली. दिग्दर्शकाने उत्तरादाखल एक अंगठा पाठवलाय. लाइटवाल्याने अजून ऐकलेली नाही. रंगीत तालीम शनिवारी आहे, आणि रेखाला मी तोवर सतरंजी जरा भराभर उचलायला सांगितलंय.